दोन डॉक्टर आणि एक सून

दि. ४ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो की सून कान देते, म्हणून पत्र. पायाचा अंगठा पुन्हा सुजला. गाऊटसाठी हाडांच्या डॉक्टरांचं कोल्चिसीन चालू आहे. खोकल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. एकाचं दुसऱ्याला मुद्दामच सांगितलं नाही. दुसऱ्या घड्याळजीने काय सांगितलं ते मीही गिऱ्हाइकाकडून ऐकून घेत नाही, मत बाटतं.

पण आता उलट्या, जुलाब, आणि जिना चढताना मांड्या लटपटतात. सून माझं जेवण करायला लागली आणि हे सुरू झालं. तिला शिवणवर्गासाठी माझं दुकान हवंय. अन्नात काहीतरी आहे. मुलाला सांगून तिला वेगळं काढणार आहे. कुठे बोलू नकोस.

तुझा,
दादा

दि. ६ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

धूर दिसला की नैयायिक अग्नीचं अनुमान करतात, तू सुनेचं करतोस. संशय मलाही आला, पण तुझ्या मौनव्रताचा. घराण्याचा गाऊट माझ्याही वाट्याला आलाय. कोल्चिसीन देतानाच माझ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की सोबत क्लॅरिथ्रोमायसिन नको. कोल्चिसीन अंगात साचून जिवावर बेततं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून सुनेलाच केला. तुझं गुपित सांगितलेलं नाही. हे पत्र पोचेल तेव्हा तिने तुला इस्पितळात नेलं असेल. तिथे सगळ्या गोळ्या दाखव, युरिक ॲसिडची रोजचीसुद्धा. रागाव खुशाल, पण जगून रागाव.

लोभ आहेच, तो करून घ्यायला तू राहा.

धाकटी

दि. १३ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

सलाईन निघालं. तुझा संशय खरा, माझा खोटा. दोन्ही औषधं लगेच थांबवली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणाले. आता कुठलीही नवी गोळी आधीच्या सगळ्या दाखवूनच घ्यायची, अशी तंबी मिळाली आहे.

सून रात्रंदिवस उशाशी होती. माझा संशय तूच तिच्याकडे फोडलास, असं वाटत राहिलं. शेवटी न राहवून मीच सगळं कबूल केलं. ती म्हणाली, बाबा, मला केव्हाच कळलं होतं. म्हणून तर रोज तुमच्यासमोर त्याच भांड्यातलं आधी मी खात होते.

आणि मला वाटायचं, काय हावरट पोरगी आहे!

तुझाच,
दादा