सुईणीला दिलेला शब्द

सुईणबाय, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, तरी तेव्हा मी तुम्हाला ‘तू’च म्हणायची. आज कागदावर तुम्ही म्हणते. उशिरा आलेली अक्कल.

पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत सगळी बाळंतपणं तुमच्याच हातची. पोर झेलायला तुमचे हात चालायचे, बारसं झालं की त्याच हातांचा विटाळ. चहा अंगणात, करवंटीत, वरून ओतलेला. मग तुमच्या वस्तीनं धर्म बदलला, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आणि तुम्हीही सांगून टाकलंत, आता सुईणपण नाय. माझी पोर आडवी आली तेव्हा घरवाला मुंबईत, दवाखान्यात न्यायची डोली उचलायला माणसं नाहीत. सासूबाईंनी तरी निरोप धाडला. तुम्ही आलात आणि माझ्या उशाशी वाकलात. सासूबाई चुलीपाशी पाणी तापवत होत्या. तुम्ही म्हणालात, "मोकळी झालीस की ओटीवर बसून तुमच्या कपात चहा घेईन. कबूल हाय?"

"कबूल गो बाय, पण आधी हात लाव!"

दुपारी पोर रडली. तुम्ही हात धुऊन ओटीवर बसलात. शेजारणी जमल्या होत्या. सासूबाईंनी करवंटी काढली, तर तुम्ही म्हणालात, "सूनबायनं शब्द दिलाय." सासूबाई आत डोकावल्या. "काय गो, दिलास?" घाबरले म्हणू? घाबरायलाही वेळ लागतो. माझी जीभ आपोआप वळली. "नाय. मी कशाला देऊ?"

"बाटली ती बाटली, आता कप मागते!" एक शेजारीण हसली. तुम्ही उठलात. करवंटीला शिवला नाहीत. दारातून मला एवढंच म्हणालात, "रगत जास्त गेलं तर निरोप धाड."

शिवी दिली असतीत तर मी आजवर सुखानं जेवले असते.

ती पोर आता महाडला नर्स हाय. म्हणते, दवाखान्यात जात कोण विचारत नाय. मी म्हणते, विचारत नाय, आडनावावरून काढतात. मला शहाणपण सुचतं ते असं, दुसऱ्यांच्या बाबतीत. कागदावर माफी मागून काय होतंय? खोटं चारचौघींत बोलले, खरंही चारचौघींत बोलायला हवं. ती हसलेली शेजारीण अजून जिवंत हाय, रोज येते. परवा पोरीनं तिच्यासमोरच विचारलं, "आये, मी आडवी होते ना, मग मला सोडवलं कुणी?"

मी म्हटलं, "तुझ्या आजीनं."