एका ‘च’चा बाऊ

३ मार्च, सकाळ
निर्णय झाला. वकील होणार. अर्धं आयुष्य या ऑफिसच्या जावक विभागात बाहेर जाणाऱ्या पाकिटांवर शिक्के मारले, आता न्यायाच्या दारावर धडक मारणार! कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. विषय एकच, तर्क. जर-तरची विधानं आणि कार्यकारणभाव. हसू आलं. कॅन्टीनच्या चहाविरुद्ध अख्खी जेवणाची सुट्टी बोलून मी कॅन्टीनवाल्याला रडवलं आहे. मला तर्क शिकवणार?
बायकोला सांगितलं. म्हणाली, द्या परीक्षा, पण पास झालात तरच नोकरी सोडायची. घरात पगार एकालाच आहे.
म्हणजे पाठिंबा आहे.

४ मार्च
पहाटे पाचला उठून अभ्यास, असा संकल्प. उठलो सव्वाआठला. गजर वाजला होता, पण त्यात आवाहन नव्हतं.

९ मार्च, संध्याकाळ
भाची आली होती. तीही याच परीक्षेला बसते आहे. म्हणाली, मामा, सोप्यापासून सुरू करू. वीज गेली तर लिफ्ट बंद पडते. लिफ्ट बंद आहे. म्हणून वीज गेली आहे. बरोबर की चूक?
बरोबर, म्हटलं.
म्हणाली, अरे मामा, वर बघ, पंखा फिरतोय. तुमची लिफ्ट महिनाभर बिघडलेली आहे.
मी सांगितलं, हा प्रश्न तर्काचा नाही, बिल्डिंगच्या कमिटीच्या नाकर्तेपणाचा आहे! आणि त्यावर बोललो. भाचीनं पुस्तक मिटलं. पहिली फेरी आपली.
जाता जाता म्हणाली, ‘तर’ आणि ‘तरच’ यांतला फरक तेवढा पाहून ठेव. तिकीट असेल तरच आत सोडतात. म्हणजे तिकिटाशिवाय नाहीच, पण तिकीट आहे म्हणून सोडतीलच असंही नाही. हॉल भरलेला असू शकतो.
एका ‘च’चा केवढा बाऊ! ‘च’ जोर देण्यासाठी असतो. मी भाषणात सगळ्यालाच लावतो. लढूच, जिंकूच, घेऊच.

१७ मार्च
घरी सराव परीक्षा. पन्नासपैकी अकरा. मागच्या रविवारी चौदा होते. कारणाचा शोध घेतला. त्या दिवशी पेन काळं होतं, आज निळं. सापडलं!
बायको म्हणाली, त्या दिवशी तुमचा घसा बसला होता. बोलता येईना, म्हणून पुस्तक वाचलंत.
घशाचा मेंदूशी काय संबंध? दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी होत नाही, हे तिला उभं राहून समजावलं. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

२३ मार्च
काळं पेन. नऊ.
कारण, शेजारचं बाळ. त्या रडण्यात माणूस तर्क कसा करणार? बायको म्हणाली, बाळ आठवडाभर आजोळी गेलंय. मग कारण शांतता. मला समोर माणसं लागतात.

२ एप्रिल, दुपार, ऑफिस
प्रकाश पडला! पास झालो तर नोकरी सोडायची, असं ठरलं आहे. म्हणजे पास होणं आणि नोकरी सोडणं यांचं नातं पक्कं. मग आधी नोकरी सोडली तर? नोकरी सोडलेला माणूस पास झालेलाच असणार.
भाचीला फोन केला. म्हणाली, मामा, ही तीच लिफ्ट आहे, तू कृपा करून काही करू नकोस. पोरीला धैर्य कमी.
मुख्य कार्यालयाच्या नावे राजीनामा लिहिला. तीन पानं, शेवटचं पान तर पेटलेलं. पाकिटात घालून जावक ट्रेमध्ये ठेवला आणि शिक्क्याला त्याच क्षणी रामराम ठोकला. त्या ट्रेला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा माझा जुना दंडक. आवकबाई, म्हणजे माझ्यासमोर बसून आलेलं टपाल घेणाऱ्या, त्यासुद्धा लावत नाहीत.
बायकोला निकालाबरोबर सांगेन. दोन आनंद एकदम.

४ एप्रिल
निरोप समारंभ. काळी वकिली बॅग भेट मिळाली. मी बोललो. शेवटाला सगळे उठून उभे राहिले! आवकबाई म्हणाल्या, अहो, बस चुकत होती. कारण आणि परिणाम यांत घोळ घालणारी माणसं सगळीकडे आहेत.
उद्यापासून शिल्लक रजेवर.

११ एप्रिल
परीक्षा. पहिलाच प्रश्न ‘तर’ आणि ‘तरच’वर. दिलेल्या चारही पर्यायांत दम नव्हता. समासात पाचवा लिहिला आणि त्याचं समर्थन केलं. पुढचे बरेच प्रश्न वेळेअभावी राहिले. परीक्षेचं नियोजन ढिसाळ आहे.

२९ एप्रिल
निकाल. भाची पास.
बायको म्हणाली, जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका, रजा संपली की ऑफिसला जा. मग मी दुसरी बातमी सांगितली.
कणीक मळत होती, ती तशीच ठेवून हात धुतले. बराच वेळ नळ चालू होता. मग म्हणाली, मी ‘तर’ म्हटलं नव्हतं हो. ‘तरच’ म्हटलं होतं.
उरलेली कणीक मी मळली. पहिल्यांदाच.

३० एप्रिल
टेबलाच्या चाव्या द्यायला ऑफिसला गेलो. मोठे साहेब म्हणाले, या, संपली का रजा? राजीनाम्याचं काय झालं, विचारलं. म्हणाले, तेच तुम्हाला विचारणार होतो, वरून अजून काही आलं नाही.
आवकबाईंनी विचारलं, तुम्ही तो पाठवलात ना?
पाठवला की. जावक ट्रेमध्ये ठेवला.
आणि तो ट्रे कोण रिकामा करतं?
मी ट्रेकडे पाहिलं. आवकबाई सावकाश म्हणाल्या, तुम्ही पाठवलं तरच टपाल जातं, भाऊ. तुम्हीच शिकवलंत.
राजीनामा तिथेच होता. वर महिन्याभराचं टपाल. ऑफिसातून एक कागद बाहेर गेला नव्हता. साहेब ढिगाकडे बघत म्हणाले, आणि एकाचीही तक्रार नाही. मग आपल्याला जावक विभाग लागतोच कशाला?
यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. बायकोला फोन केला. म्हणाली, तोंड उघडू नका. शिक्के मारा.

३ मे, सकाळ
ढीग निम्म्यावर आला. राजीनामा फाडला. तिसरं पान ठेवलंय, भाषा चांगली आहे.
भेटीची बॅग परत मागायला कोणी तयार नाही, म्हणून डब्यासाठी वापरायचं ठरवलं. बायको म्हणाली, डबा आडवा ठेवला तरच ती मिटेल.
आडवा ठेवला. मिटली नाही.