कावळ्याला दिलेला शब्द

११ सप्टें., गुरुवार. ब्रूज

पोचलो एकदाचे. मंदार दोन वर्षं ब्रसेल्सला नोकरीला, तिथून आगगाडीनं इथं. हे गाव आईला दाखवायचा शब्द दिला होता त्यानं. मला नव्हे, कावळ्याला.

घरं सरळ पाण्यात उभी. दारातून पायरी उतरली की कालवा. स्वयंपाकघरातल्या आमच्या कॅलेंडरवर हेच चित्र. साल केव्हाच सरलं, ह्यांनी खालच्या तारखा कापून चित्र तेवढं ठेवलं, माठाच्या वर. हे पाटबंधारे खात्यात कारकून. जन्म गेला कालव्यांच्या फायलींत, आणि आमच्या भागात पाऊस असा की कालव्यात पोरं क्रिकेट खेळणार. चित्राकडं बघून म्हणायचे, "सुमन, घरोघरी पाणी, आणि पाणीपट्टीची एक तक्रार नाही बघ."

तेच पाणी समोर आहे आणि सांगायला माणूस नाही. पुलावर उभं राहून रडू आलं. केतकी सूनबाईंनी फोटो काढायचा थांबवला. शहाणी आहे.

१२ सप्टें., शुक्र.

पितृपक्ष चालू आहे. ह्यांना जाऊन वर्ष व्हायचंय, म्हणून यंदा श्राद्ध नाही. पण कावळ्याला घास ठेवायला कुणाची आडकाठी?

सकाळी केतकीनं वॉफल आणलं. जाळीदार, गोड, वर साय. चांगलं लागतं, खोटं कशाला बोलू. पहिला तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. इथला कावळा लहान. मान आपल्याकडच्यासारखीच राखी, पण डोळा पांढरा. एक आला. तुकड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. शिवला नाही.

केतकी म्हणाली, "आई, त्याला गोड आवडत नसेल."

ह्यांना तरी कुठं आवडायचं!

१३ सप्टें., शनि.

नावेत बसलो. गर्दी होती, तरी माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. ओली होती म्हणे. मी हात लावून पाहिला, कोरडी ठणठणीत.

पुलाखालून जाताना अंधार झाला आणि मागं कुणीतरी खाकरलं. दोनदा, मग थोडं थांबून एकदा. ह्यांची रीत. वळून बघितलं नाही. नाव उजेडात आली तेव्हा मागं दोन गोऱ्या बायका बसलेल्या.

दहाव्याचं डोळ्यांसमोरून हलत नाही. पिंड मांडलेला, बाभळीवर कावळे भरपूर, खाली एक उतरेना. ऊन चढलं. दीर म्हणाले, "वहिनींना काही कमी पडू देणार नाही." नाही. पुतण्या म्हणाला, "घर विकणार नाही." नाही. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मंदारचा असल्यावर विश्वास नाही, तो वैतागून म्हणाला, "बाबा, ते पाण्यातलं गाव आईला दाखवतो. मग तर झालं?" आणि कावळा हाक मारल्यासारखा खाली आला. सगळ्यांनी हात जोडले.

पण त्याच क्षणाला मी मनात दुसरं बोलले होते. शेजारी नणंदबाई, आमच्या आक्का, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मी म्हटलं, "तुमच्या वतीनं मी आक्कांच्या घरचं पाणी पिईन."

कावळा कुणाच्या शब्दाला आला? मंदारला वाटतं त्याच्या. मलाही तसंच वाटावं म्हणून इतके महिने धडपडतेय. वाटत नाही.

१४ सप्टें., रवि.

आजपासून तुळजापुरात देवीची निद्रा. देवी पलंगावर गेली की गावानं गादी-पलंग सोडायचा. मी खाली घोंगडी पसरायला घेतली तर मं. म्हणाला, "आई, इथं देवीला कोण सांगायला जातंय?"

म्हटलं, तिला सांगावं लागत असतं तर देवी कशाला म्हटलं असतं.

१५ सप्टें., सोम.

खाली छान झोप लागली. सकाळी बघते तर पलंगावरची चादर एका अंगानं चुरगळलेली. भिंतीकडच्या. ह्यांची बाजू.

काल संध्याकाळी मी जरा टेकले असेन. असेन.

चौकात घंटाघराखाली बसून बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. काही ठिकाणी जनावराच्या चरबीत तळतात म्हणून केतकी दुकानोदुकानी विचारत फिरली, तेव्हा एक तेलवाला सापडला. कागदाचा कोन हातात घेऊन सगळे हसत खातायत. मला नळदुर्गची पंगत आठवली.

आक्कांच्या मुलीचं लग्न. आक्कांचे यजमान जरा फाटक्या तोंडाचे. व्याह्यांसमोर ह्यांची ओळख करून दिली, "हे आमचे मेव्हणे, कोरड्या कालव्याचे सायब!" पंगत हसली. हे भरल्या पानावरून उठले. आक्का वाढत होत्या, हातात मठ्ठ्याचं भांडं. त्यांना म्हणाले, "तुझ्या घरचं पाणी वर्ज्य मला." बोलला कोण आणि शिक्षा कुणाला!

बहिणीवर राग म्हणाल तर नाही. दर भाऊबीजेला आक्का तुळजापूरला यायच्या, हे पाटावर बसायचे, एकमेकांना चिडवून चिडवून हसायचे. पण नळदुर्गला त्यांच्या घरी पाणी नाही म्हणजे नाही. यजमान वारले तेव्हा भेटायला गेले. सुतकात तसंही कुणी काही घेत नाही, तेवढी सोय झाली. आक्कांनीही कधी "पी" म्हटलं नाही. हट्ट दोघांचा एकाच आईच्या पोटचा.

मी मधे पडायला हवं होतं का, हा विचार आता करून काय. शब्द दिलाय तो पाळायचा, एवढंच हातात आहे.

१६ सप्टें., मंगळ.

कट्ट्यावर रोज घास ठेवते. पाव, चीज, भात. पांढऱ्या डोळ्याचा रोज येतो, बसतो, बघतो. शिवत नाही. शेवटी मं.ला दुसऱ्या शब्दाचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. एवढा खर्च करून, रजा काढून आणलं पोरानं. म्हणाला, "आई, कावळ्याला भूक लागली होती, बास." मग थोड्या वेळानं, "पण आत्याकडं जाच तू."

दुपारी कालव्याकाठच्या बाकावरून आक्कांना फोन लावला.

"कुठं हायेस ग? खातीस काय तिथं?"

सगळं सांगितलं. दहाव्याला मनात काय बोलले ते, आणि आल्याबरोबर तुमच्याकडं पाण्याला येते म्हणून.

मग आक्का हळूच म्हणाल्या, "थांब की रे जरा, बोलतीय न्हवं का."

"कोण आलंय, आक्का?"

"कुनी न्हाय. ये तू."

आक्का एकट्या राहतात. लेक हैदराबादला. मग "रे" कुणाला?

१७ सप्टें., बुध.

शेवटचा दिवस. घरच्यांसाठी चॉकलेटं घेतली. एका पुलाखाली पायऱ्या पाण्यात उतरतात, तिथं बसले. ओला दगड, शेवाळ, थंडगार. हा वास ओळखीचा! नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल आहे, नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात. लग्नानंतर ह्यांनी मला तो दाखवला होता. "इथं मी आणि आक्का लपायचो. वरून पाणी पडायचं, आम्ही आत कोरडे. आई हाका मारून दमायची."

म्हणजे माठावरचं चित्र ह्यांनी परदेशाचं म्हणून जपलं नव्हतं. मला एवढी वर्षं कळलं नाही, आणि ते सांगायचे नाहीत. मेल्यावर मात्र समुद्रापार आणून सांगितलं.

पायरीवर पांढऱ्या डोळ्याचा येऊन बसला. म्हटलं, "जाते म्हटलंय ना!" उडाला.

१९ सप्टें., शुक्र. तुळजापूर

घर. चित्र माठावर जिथल्या तिथं. खालीच झोपले. सकाळी पलंगाची चादर बघितली. भिंतीकडची बाजू.

आता भीती वाटत नाही. वाईट वाटतंय, की ह्याची मला सवय व्हायला लागलीय.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री. नळदुर्ग

आक्कांच्या ओसरीवर बसून लिहितेय. सकाळच्या एसटीनं आले. उद्या पहाटे देवी उठणार. आज पितरांनी परतायचा दिवस.

आक्कांनी तांब्या-भांडं आणून ठेवलं. मी हात पुढं केला तर त्यांनी भांड्यावर तळवा ठेवला.

"आदी तकडं बघ."

अंगणाच्या भिंतीवर कावळा. त्याच्यापुढं भाकरीचा कुस्करा, वर ठेचा, आणि एक वाटी पाणी.

"दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापून येतोय. रोज. गोडाला चोच लावत न्हाय. पानी बघ कसं पितोय, मान वर करून."

बघितलं. पीत होता. घाई नाही, संकोच नाही, आपल्याच घरचं असल्यासारखं.

"आक्का, तो साधा..."

"असंल साधा. मला काय करायचंय?" त्यांचा आवाज फुटला. "सुमन, तू पानी पेलीस की तुजा शब्द फिटला. शब्द फिटल्यावर तो कशाला यील ग? इतक्या वर्सांनी माज्या घरचं खातोय. लेकीच्या लग्नातलं पान ऱ्हायलं हुतं त्याचं."

गुरुजी म्हणतात, इच्छा अडकली की जीव अडकतो. मोकळं करणं हे बायकोचं काम. पटतं. आणि मी मोकळं केलं तर चादर उद्यापासून सरळ असेल, तेही कळतं. आक्कांना जे नको ते मला तरी कुठं हवंय?

"मग काय करू, आक्का?"

"मी न्हाय म्हननार न्हाय," म्हणाल्या, आणि हात काढून घेतला. पदरानं डोळे पुसत आत गेल्या. चुलीवर मठ्ठ्याला फोडणी दिल्याचा वास येतोय.

भांडं माझ्यासमोर आहे. त्यानं वाटी संपवलीय आणि उडून गेलेला नाही. भिंतीवरून माझ्याकडं बघतोय.

गाडीत पाणी घेतलं नव्हतं, मुद्दामच. फार तहान लागलीय.