रॉड बदलला ती जागा

४ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाबांचा फोन आला होता. तू परीक्षेत चौथ्यांदा नापास झालीस हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की जणू मीच काहीतरी फोडलंय.

माझं डोकं सणकलंय. सहा वर्षं परदेशात डॉक्टरकी शिकलीस आणि परत आल्यावर इथली परीक्षा पास होईपर्यंत तू डॉक्टर नाहीस म्हणे. बरं, घ्या परीक्षा. पण निकालात एकच शब्द, अनुत्तीर्ण. कुठे चुकलं ते दाखवायची सोय नाही. ही कुठली रीत?

मी आठवीतून पळालेला, पण आमची वेल्डिंगची परीक्षा बघ. दोन पट्ट्या जोडायच्या. तपासनीस तो जोड आपल्यासमोर यंत्रात घालून वाकवतो. फुटला तर हातात देतो आणि चुकलेल्या जागेवर बोट ठेवतो. माझा फुटला तेव्हा जळून संपलेला रॉड मी जिथे बदलला होता, त्या जागेवर त्याने बोट ठेवलं. जिथे थांबून पुन्हा सुरू केलं, तिथेच चीर. मनात शिव्या घातल्या त्याला, पण कळलं तरी.

ती पट्टी पार्सलने पाठवतोय. तुझी चीर तूच शोध. ते लोक दाखवणार नाहीत.

लोभ आहे, राग पण आहे, दोन्ही ठेवून घे.

तुझा धाकटा

२१ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझं लोखंड पोचलं. बाबा भंगारात घालणार होते, मी मध्ये पडले. आता ऐक, आणि मला शिकवू नकोस.

दवाखान्यात पेशंट मी तपासते, कागद मी लिहिते, सही मोठे डॉक्टर करतात. परवा एका बाईंच्या छातीतली कळ मी हृदयाची म्हटली. ते हसले. परदेशी डिग्रीला सगळीकडे हृदयच दिसतं म्हणाले आणि पित्ताची गोळी दिली. दुपारी बाईंना मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. वाचल्या. आता कागदावर हृदयाचं निदान माझं आहे आणि सही त्यांची, जणू त्यांनीच ओळखलं. मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तोंड उघडायला डॉक्टरचा नोंदणी नंबर लागतो.

आणि हो, चीर सापडली. तिकडे वॉर्डात सगळं तिकडच्या भाषेत शिकले. इथे प्रश्न इंग्रजीत वाचते, डोक्यात तिकडे नेते, उत्तर परत आणते. वेळ संपतो. शेवटचे चाळीस प्रश्न मी चारही वेळा न वाचता ठोकलेत.

पुढचा फॉर्म भरला असं बाबांना सांगितलंय. भरलेला नाही. भरणारही नाही. तो शब्द पाचव्यांदा वाचायची ताकद नाही.

डोळ्यांवर काच लावल्याशिवाय काम करू नकोस. आशीर्वाद न मागताही आहेत.

ताई

२९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी ग्राइंडर आपटला, मुकादमाने दिवसभर झाडू दिला हातात. चाळीस प्रश्न न वाचता, आणि इतके दिवस स्वतःला मठ्ठ समजत बसलीस! त्या सहीवाल्या डॉक्टरचा राग आहेच, तुझा जास्त आहे.

मी दुसऱ्यांदाही नापास झालो होतो. घरी सांगितलं नाही. मग महिनाभर अख्खा जोड केलाच नाही. बोटभर वेल्डिंग, थांबायचं, रॉड बदलायचा, पुन्हा सुरू. सगळे दात काढायचे. तिसऱ्यांदा पट्टी वाकली, फुटली नाही. तूही चिरेच्या जागेचाच सराव कर. रोज पेशंट तपासताना डोक्यात थेट इंग्रजीत बोल. मधला भाषांतराचा थांबा बंद.

फॉर्मची मुदत दहा मे आहे, मी बघून आलोय. भरणार नसशील तर पट्टी परत पाठव. ती रडत बसणाऱ्याला दिलेली नाही.

माया कमी करू नकोस, बाकी काहीही कर.

तुझा धाकटा

१० मे

चि. धाकट्यास, अ. आ.

बाबांनी फॉर्मच्या पावतीवरची तारीख वाचली आणि खोटं बोललीस म्हणून कालपासून अबोला धरलाय. मोठ्या डॉक्टरांवर मी आता रोज मनातल्या मनात चिडते, थेट इंग्रजीत.

पट्टी परत मिळणार नाही. पंख्याच्या वाऱ्याने पावती उडते, तिच्यावर ठेवली आहे.

ताई