वर केलेला अंगठा

८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

मायन्यात सवयीने ‘सौ.’ लिहिलं आणि कागद बदलला. वर्ष होत आलं तरी हात ऐकत नाही. फोनवर दर वेळी तुझा कुकर लागलेला असतो, म्हणून पत्र.

आईचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. दादाच्या सामानाबरोबर डायव्हिंगवाल्यांनी पाठवलेला तुझ्या कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो तिने मोठा करून दारासमोर लावलाय. निळं पाणी, मागे प्रवाळाची उभी भिंत, दादाच्या एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर. अगदी बाबांचा अंगठा. चहाचा पहिला घोट घेतला की बाबा बोलायचे नाहीत, नुसता अंगठा दाखवायचे; तोच दादाने उचलला आणि प्रत्येक सफरीतून आईला तसा एक फोटो पाठवला. आई आल्या-गेल्याला सांगते, “शेवटपर्यंत मजेत होता.” दूधवाल्याचं तीनदा ऐकून झालंय.

तू का येत नाहीस, असं ती विचारते. मी म्हणते, काम आहे. ती म्हणते, एवढं वर्षभर पुरणारं काम असतं होय? मीही मनातून तुझ्यावर रागावले आहे, आणि तो राग रास्त आहे का, हे मला ठरवता येत नाही.

हसू नकोस, पण मी पोहण्याच्या तलावात डायव्हिंगचा वर्ग लावलाय. दादाला पाण्याखाली काय सापडत होतं, ते थोडं तरी कळावं म्हणून. तो रबरी सूट चढवणं म्हणजे उशीच्या खोळीत गादी कोंबणं.

येणार का, ते कळव. लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नणंद,
ढब्बू

---

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

तू आणि पाणी! लहानपणी तुला न्हाणीघरात ओढत न्यावं लागायचं, असं तुझा दादा सांगायचा. सूट चढवण्याआधी पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घाल, सरकन जातो. श्वास कधी रोखू नकोस.

इकडे काम आहे, खोकलाही आहे. इतक्यात येणं जमेलसं दिसत नाही.

एक विनंती. तो फोटो आईंच्या समोरून काढता आला तर बघ. सोबत दुसरा पाठवते, बोटीवरचा. त्यात तो हसतोय. हाच लावा.

आईंना नमस्कार सांग. माझ्यावरचा राग ठेव, पण पत्र लिहीत जा.
वहिनी

---

६ मार्च

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

परवा वर्गात फजिती झाली. तळाशी गुडघ्यांवर बसलो असताना शिक्षकाने खुणेने विचारलं, कसं काय? मी झोकात अंगठा दाखवला. त्याने माझा दंड धरून मला वर आणलं. पुन्हा खाली गेलो, पुन्हा विचारलं, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. सगळा वर्ग हसला. मग त्याने समजावलं, की पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं करायचं. वर आल्यावर बोट लांब असेल तर हात डोक्यावर ठेवायचा, म्हणजे लांबूनही कळतं की माणूस सुखरूप आहे.

मीही हसले. कपडे बदलायच्या खोलीत केस पिळताना तो फोटो डोळ्यांसमोर आला आणि मी बाकावर बसूनच राहिले.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. विचारलं तर तुला आरोप वाटेल. नाही विचारलं, तर तुला त्या फोटोबरोबर एकटीला सोडल्यासारखं होईल. म्हणून एवढंच विचारते: तो अंगठा कोणासाठी होता? उत्तर दिलं नाहीस तरी आपल्यातलं काही उणं होणार नाही.

फोटो अजून तिथेच आहे. काढायचा तर आईला कारण काय सांगू, सुचलं नाही.
ढब्बू

---

१५ मार्च

प्रिय वन्सं,

विचारलंस, बरं केलंस.

त्या भिंतीशी आपण पोहत नाही, प्रवाहच नेतो. बोटही नांगर टाकत नाही, आपल्या बुडबुड्यांमागून येते. भिंत डोळ्यांसमोरून सरकत जाते. थांबून फोटो काढायचा तर पाय मारत प्रवाहाशी झगडावं लागतं. दिवा तुझ्या दादाकडे, कॅमेरा माझ्याकडे. दिवा पडेपर्यंत तिथला लाल रंग काळाच दिसतो.

आईंसाठीचा अंगठा प्रत्येक सफरीत ठरलेला. बरोबरचा वाटाड्या चिडायचा, खुणेची चेष्टा करू नका म्हणायचा. आम्ही हसायचो.

त्या दिवशी भिंत जिथे वळते तिथे पाणी खाली ओढायला लागलं. त्याला ते माझ्याआधी जाणवलं. त्याने अंगठा वर केला. मला वाटलं, आईंचा फोटो. मी काढला. मग त्याने तोच अंगठा पुन्हा पुन्हा वर झटकला, हातातला दिवा सोडून दिला आणि मला खालून ढकललं. मी बोटीला दिसण्यासाठीचा नारिंगी फुगा वर सोडला आणि त्याच्या दोरीला धरून वर आले. तो मागे असेल असं वाटलं; नव्हता. बोटवाल्याने लांबून खुणेने विचारलं. मला हात डोक्यावर ठेवता आला नाही.

तेवढ्या क्षणाने काही बदललं नसतं, असं सगळे म्हणतात. खरंही असेल. पण त्या फोटोखाली बसून आई मला चहा देणार, हे मला झेपत नाही. कॅमेरा तेव्हापासून कपाटात आहे.

आईंना सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझी ना नाही.
वहिनी

---

२४ मार्च

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

आईला सांगितलं. सांगण्याचा हक्क मला आहे का, यावर मी डायरीची पानंच्या पानं भरली. मग वाटलं, न सांगता तिला दारात उभ्या प्रत्येक माणसाला चुकीचं सांगू देणं हे जास्त वाईट.

दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोटो खाली काढायला लावला. काच पुसली. तू कुठे होतीस, असं विचारलं. मी म्हटलं, समोर, जराशी वर. तिने फोटोतल्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

“म्हणजे हा मला नाही दाखवत,” ती म्हणाली. “तिला दाखवतोय.”

मी हो म्हटलं.

“वर जा म्हणाला, आणि ती गेली. जन्मात एकदा तरी कुणी त्याचं ऐकलं.”

मग ती रडली. वर्षभरात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. नंतर मलाच ओरडली, की फोटो हातात धरून काय उभी आहेस, होता तिथे लाव. लावला. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती म्हणते, “सुनेला वर पाठवतोय.” दूधवाल्याचं चौथ्यांदा ऐकून झालं.

सुखरूप असल्याची खूण कोणती, हेही तिने विचारलं. संधिवाताने तिची बोटं कड्यासाठी जुळत नाहीत. मग मी दुसरी खूण दाखवली, लांबून करायची.

तर वहिनी, ये. टॅक्सी फाटकाशी थांबली की आधी वर बघ. आई गॅलरीत बसलेली असेल. तिला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून सामान खाली ठेव आणि हात नीट उचलून डोक्यावर ठेव. तिला खूण पाठ झाली आहे.

चहा मी करणार आहे, आणि तू फोटोकडे पाठ करून बसलीस तरी चालेल. लोभ आहेच, आता तू ये.
ढब्बू