दोन शपथांचे पेढे

राष्ट्रपतीसाहेब, म्हणजे दोघांतले जे टिकलात ते,

ऐन युद्धात जुने राष्ट्रपती वारले आणि त्यांच्या खुर्चीवर तुम्ही दोघं हक्क सांगू लागलात. पहिल्यांनी शपथ घेतली तेव्हा आमच्या चाकणच्या कंपनीनं पेढे वाटले. त्यांनी माघारीचा हुकूम दिला आणि माझा नवनाथ पलटणीबरोबर मागं आला. मग त्यांना हटवून तुम्ही शपथ घेतलीत. कंपनीनं परत पेढे वाटले. तुम्ही मागं आलेल्या पोरांना गद्दार ठरवून तुरुंगात घातलंत.

हे पत्र मी टाकणार नाही. वकील म्हणतो, पोराला जड जाईल. पण साहेब, दोन्ही वेळचे पेढे खाल्लेली आमची अख्खी शिफ्ट मोकळी फिरते, आणि एकच हुकूम पाळलेलं माझं पोरगं आत आहे.

आज तरी तुमचीच,
शेवंता गित्ते, थेरगाव