एकाच मापाचे बारा कोट

तीर्थस्वरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? इथे सगळे ठणठणीत. माझी नोकरी तेवढी मधे दोन दिवस अंथरुणाला खिळली होती, आणि त्याला कारण तू!

सगळी माणसं आतून एकच, असं सांगणारी तुझी कविता मी शिंप्याच्या दुकानात, कापडं बेतायच्या टेबलासमोर टांगली आहे. रोज वाचतो, रोज डोळे भरतात (कापडाची कुसं उडतात, असं मी इतरांना सांगतो). त्यात बँडवाल्यांच्या बारा कोटांचं काम आलं. डोक्यात कविता, हातात कात्री! मी एकट्या ड्रमवाल्याचं माप घेतलं आणि बाराच्या बारा कोट त्यावर कापून मोकळा झालो. (आळस होताच, नाही कशाला म्हणू? पण आळसाला एवढा भक्कम आधार पहिल्यांदाच मिळाला.)

कोट घालून बघायच्या दिवशी बासरीवाला कोटात शिरला तो दिसेनासाच झाला. आमच्या दुकानाच्या मालकांचा, मास्तरांचा, पारा चढला. म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बाराही कोट अंगासरसे बसले नाहीत, तर परवापासून तूही कविताच कर." नशीब, माप सगळ्यांत जाड्याचं होतं, कोट आत घेता येतो, नसलेलं कापड कुठून आणणार?

मग टेप घेऊन एकेकाला उभं केलं. आणि आत्या, शपथेवर सांगतो, तुझी कविता मला डोळ्यांनी दिसली गं! कमरेला टेप लागली की जो तो श्वास रोखून पोट आत घेतो आणि छताकडे बघतो. ड्रमवाला तसाच, कुणाशी न बोलणारा त्यांचा म्होरक्याही तसाच. अगं, बासरीवाल्याला तर पोटच नाही, तरी त्यानेही घेतलं! मला हसू फुटलं, मग ड्रमवाल्याला, मग सगळ्यांनाच. हसता हसता बारा पोटं एकदम बाहेर आली आणि तेवढ्यात मी खरी मापं उतरवून घेतली. कोट झाले, नोकरी वाचली. पण टेप हातात न धरता, घरबसल्या हे तुला कळलं कसं? धन्य आहेस तू!

तुझा भाचा

ता. क. कविता आता मास्तरांनी स्वतः आरशाशेजारी लावली आहे. त्यांना घरी न्यायला तुझ्या अक्षरातली एक प्रत हवी आहे, पण मागायला लाजतात.

ता. क. दुसरा : पत्राचं खरं कारण राहिलंच. तुझ्या नव्या कोटासाठी कमरेचं माप पुन्हा पाठव, या वेळी श्वास सोडून. मागच्या मापात मी गुपचूप चार बोटं वाढवली होती, तेव्हा कुठे तू "अगदी मापात बसला" असं कळवलंस.